कोरड्या ड्राइव्हवेवरची पाणबुडी

चहाचा कप आधी खाली ठेवा. मी जे सांगणार आहे ते ऐकताना तुम्ही हसणार, आणि गरम चहा नाकात गेला तर त्याची जबाबदारी मी घेणार नाही. हसा खुशाल. माझी एकच अट आहे. हसून झालं की कोणीही 'पण मुळात कशाला?' असं विचारायचं नाही. तो प्रश्न अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातल्या अर्ध्या मराठी माणसांनी मला विचारून झालाय, आणि उरलेल्या अर्ध्यांनी माझ्या नवऱ्याला.

तर, मी पाणबुडी बनवली. घरी. गॅरेजमध्ये. एका माणसापुरती. म्हणजे एका बाईपुरती.

मी मूळची नागपूरची. नागपूरला समुद्र नाही हे तुम्हाला माहीत आहेच. मग लग्न झालं, शिरीषबरोबर मिशिगनला आले, आणि इथे बघते तर काय, जिकडे तिकडे पाणी. लेक म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. आणि इतकी वर्षं आम्ही त्या पाण्याचं काय केलं? काठावर सतरंजी टाकून भेळ खाल्ली. दर उन्हाळ्यात. त्याच बाकड्याशेजारी. एके वर्षी भेळ खाता खाता मी म्हटलं, "शिरीष, ह्याच्या खाली काय आहे?"

तो म्हणाला, "चिखल असेल."

"बघायचंय मला."

"स्नॉर्कलिंग कर ना मग."

"मला केस ओले करायचे नाहीत."

हे मी गमतीत म्हटलं होतं. पण घरी येताना गाडीत विचार करत बसले. मी मेकॅनिकल इंजिनिअर. गाड्यांच्या दारांना जे रबर असतं ना, पाऊस आत येऊ नये म्हणून, ते डिझाइन करते. म्हणजे पाणी बाहेर ठेवणं हाच माझा धंदा. मग एका दाराऐवजी चारी बाजूंनी पाणी बाहेर ठेवायचं, इतकाच काय तो फरक.

इतकाच फरक नव्हता, हे मान्य. पण तेव्हा तसं वाटलं, आणि वाटलं म्हणून सुरुवात झाली.

पाणबुडीत सगळ्यात महत्त्वाचं काय असतं, माहितीये? मोटर नाही, पंखा नाही. प्रेशर हल. हल म्हणजे ज्याच्या आत माणूस बसतो तो जाड पोलादी डबा. तुम्ही कधी प्लॅस्टिकची रिकामी बाटली तोंडाला लावून हवा ओढलीय का? बाजू कशा चपकन आत जातात. पाण्याखाली डब्याचं तेच होतं, फक्त ओढणारं कोणी नसतं, बाहेरून पाणी दाबत असतं. आणि हा दाब फार बेरकी. तो सगळीकडून सारखा दाबतो आणि वाट बघतो. डबा जिथे जरा कमी गोल असेल, तिथे पोचा पाडतो. एकदा पोचा पडला की पुढचं बोलायलाच नको.

म्हणून मी डबा गोल नळकांड्यासारखा केला, दोन्ही टोकांना घुमट, आणि आतून पोलादाच्या कड्या. पिंपाला बाहेरून पट्ट्या असतात तशा, फक्त ह्या आतून. कडी किती जाड, दोन कड्यांत अंतर किती, ह्याची गणितं मी एक अख्खा हिवाळा केली. बाहेर बर्फ पडतोय, लोक सिरियल बघतायत, आणि मी डायनिंग टेबलवर बसून स्वतःला कॉम्प्युटरवर चिरडून बघतेय.

नळकांडं वर्कशॉपमधून वळून आलं तेव्हा मी लाकडाचं एक अर्धगोल माप करून त्याला आतून लावलं. एका जागी फट दिसली. अगदी नखभर. मी म्हटलं, परत पाठवा.

शिरीष म्हणाला, "अगं, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

"पाण्याला दिसतं," मी म्हटलं.

ह्या वाक्यावर मी आजही खूश आहे.

आता पेंडसे काकांबद्दल सांगायला हवं. पेंडसे काका म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. रिटायर झालेत, दोन गल्ल्या सोडून राहतात, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळचा पहिला मेसेज त्यांचाच असतो. त्यांनी कुठून तरी ऐकलं की अपर्णा प्रेशर हल करतेय. लगेच फोन.

"प्रेशर आहे कळलं. गोळी चालू केलीस का?"

"काका, मला नाही प्रेशर. पाणबुडीला आहे."

काका म्हणाले, "अपर्णा, तू बस. शिरीषला फोन दे."

दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आले. गॅरेजमध्ये उभे राहून त्या डब्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं. "बाळा, सगळं ठीक आहे. पण बायकांना पाणबुडी कशाला हवी?"

मी म्हटलं, "पुरुषांना कशाला हवी असते?"

त्यावर त्यांनी मला टोमॅटोची रोपं लावायचा सल्ला दिला. त्या दिवशीच मी ठरवलं की हे नुसतं करायचं नाही, तर काकांच्या देखत करायचं. माझी ही सगळ्यात मोठी चूक. कारण झालं ते सगळं त्यांच्या देखतच झालं.

दोनेक वर्षांत हल तयार झालं. वेल्डिंग झालं, पुढे बघायला जाड ॲक्रिलिकची गोल खिडकी बसली, वर आत उतरायचं झाकण बसलं. झाकणाचं रबर मी स्वतः डिझाइन केलं होतं. ते रबर म्हणजे माझ्या करिअरचा कळस. आता फक्त तपासायचं होतं की कुठून गळती तर नाही.

पाण्यात न उतरता हे कसं तपासायचं? सोपं आहे. आतली हवा थोडी ओढून घ्यायची. आतली हवा कमी झाली की बाहेरची हवा चहूबाजूंनी दाबते, पाण्यासारखीच, पण जरा प्रेमाने. कुठे फट असेल तर तिथून हवा आत घुसते आणि सुंई आवाज येतो. हवा ओढायला गॅरेज साफ करायचा मोठा व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. एक पाइप हलच्या नळीला जोडायचा. आणि त्या नळीत मी आतल्या बाजूने एकतर्फी झडप बसवली होती. हवा बाहेर जाईल, पण परत आत येणार नाही. किती विचार केला होता बघा.

तुम्ही विचाराल, मग ह्यात मी आत कशाला बसले? कारण सुंई आवाज आतूनच नीट ऐकू येतो. दाबाचा काटा बाहेर लावून, लांब खुर्चीत बसूनही हे कळलं असतं, हे मला ठाऊक आहे. नंतर मला हे सगळ्यांनी सांगितलं. एकेकट्याने, खांद्यावर हात ठेवून.

शनिवार होता, सकाळची छान ऊन पडलेली वेळ. गॅरेजमध्ये जागा होत नव्हती म्हणून पाणबुडी ट्रेलरवर ठेवून ड्राइव्हवेवर, म्हणजे घरासमोरच्या गाडीच्या वाटेवर, आणली. फोन वर्कबेंचवर ठेवला, कारण मध्येच वाजला तर गळतीचा आवाज कसा ऐकू येणार? खिशात शेंगदाण्याची चिक्की घेतली. आणि शिरीषला खुणा समजावल्या, कारण जाड पोलादातून बोललेलं कळत नाही, नुसतं घुमतं.

"अंगठा वर म्हणजे व्हॅक्यूम चालू ठेव. दोन्ही हात आडवे म्हणजे बंद कर. बाकी कशाचाही काही अर्थ नाही. कळलं?"

"कळलं."

"स्वतःचं डोकं लावायचं नाही."

"नाही लावणार."

शिरीष सॉफ्टवेअरमधला. सूचना स्पष्ट असली की माणूस हिऱ्यासारखा काम करतो. हेही नडलं.

मी आत उतरले, झाकण ओढून घेतलं. व्हॅक्यूम सुरू झाला. मी कान देऊन बसले. डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, झाकणाखाली मान वर करून ऐकलं. सुंई नाही. सूं नाही. काहीच नाही. इतक्या मेहनतीचा डबा, आणि एक टाचणीभर गळती नाही. मला इतका आनंद झाला की मी खिडकीकडे वळले आणि शिरीषला दणदणीत अंगठा दाखवला. जिंकलो, अशा अर्थाने.

शिरीषने मान डोलावली आणि व्हॅक्यूम चालू ठेवला.

मी पुन्हा हसून अंगठा. तो पुन्हा मान डोलावतो. मग माझे कान बंद झाले, विमान वर जाताना होतात तसे, आणि मला माझीच खूण आठवली. घाईघाईने दोन्ही हात आडवे केले. त्याने लगेच बंद केलं. म्हटलं ना, हिरा.

मी झाकण वर ढकललं. हललं नाही.

खांदा लावला. नाही. मग डोक्यात गणित झालं, आणि नको तेव्हा झालं. आतली हवा कमी, बाहेरची जास्त, आणि झाकण चांगलं ऐसपैस. म्हणजे झाकणावर बाहेरून एक म्हैस बसली होती. न दिसणारी, पण चांगली खात्यापित्या घरची. आता ती उठायला हवी तर हवा आत यायला हवी. आणि हवा आत यायला कुठूनतरी गळती हवी.

गळती नव्हती. तीच तर अडचण होती. दोन वर्षं जिचा पिच्छा पुरवला, ती आता हवी होती तर कुठे मिळेना.

एकतर्फी झडप आतून काढता आली असती. पण ती मी स्वतः भल्यामोठ्या पाइप पान्याने आवळली होती, आणि तो पाना खिडकीतून मला स्वच्छ दिसत होता, वर्कबेंचवर, माझ्या फोनच्या शेजारी.

मी शिरीषला खुणेने सांगितलं, झाकण वर ओढ. तो ट्रेलरवर चढला, ओढलं, उतरला, आणि खांदे उडवले. मी खुणेने सांगितलं, त्या नळीचं काहीतरी कर, त्या नळीचं. त्याने नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि व्हॅक्यूम परत सुरू केला. म्हैस अजून जड झाली. मी दोन्ही हात आडवे. बंद. मी हात जोडले, काकुळतीला येऊन. त्यानेही मला नमस्कार केला.

खिडकीवर बोटाने लिहावं म्हटलं तर वाफ धरली नव्हती. खिशात चिक्कीखाली लिपस्टिक सापडली. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'झडप तोड'. आता आतून लिहिलेलं बाहेरून उलटं दिसतं, हे इंजिनिअरच्या लक्षात यायला हवं होतं. शिरीषने मान तिरकी करून खूप वेळ वाचायचा प्रयत्न केला. नंतर त्याने मला सांगितलं की त्याला ते बंगाली वाटलं.

नेमके तेव्हा पेंडसे काका आले. गणपतीच्या डेकोरेशनचं सामान परत द्यायला. हातात थर्मोकोलचा मोर. त्यांनी शिरीषला विचारलं, खिडकीत डोकावले, माझा चेहरा पाहिला. बाहेर मोर, आत मी. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण मला त्यात 'टोमॅटो' दिसला.

मग शिरीषने ९११ ला फोन लावला. ते संभाषण मला नंतर कळलं, आणि मी ते जसंच्या तसं सांगते.

शिरीष शांतपणे म्हणाला, "माझी बायको तिच्या पाणबुडीत अडकली आहे."

पलीकडची बाई एकदम सावध. "सर, कुठल्या लेकमध्ये?"

"लेकमध्ये नाही. घरासमोर."

"तुमचं घर लेकसमोर आहे?"

"नाही. पाणबुडी घरासमोर आहे."

"किती खोल आहे ती?"

शिरीष म्हणजे प्रामाणिक माणूस. "ट्रेलरवर आहे. म्हणजे जमिनीपासून थोडी वरच."

बाईने पुढचा प्रश्न विचारला. "सर, त्या श्वास घेतायत का?"

शिरीषने वाकून बघितलं. "चिक्की खातायत."

खरंच खात होते. आत हवा भरपूर होती, काही तास सहज पुरली असती, हे मला माहीत होतं. बाहेरच्यांना धीर यावा म्हणून मी मुद्दाम निवांत टेकून चिक्की चावत बसले. पण काकांना ते वेगळंच वाटलं. ते शिरीषला म्हणाले, "बघ, अन्न पुरवून पुरवून खातेय बिचारी."

आणि काकांनी ग्रुपवर मेसेज टाकला. 'आपली अपर्णा पाणबुडीत अडकली आहे. सर्वांनी प्रार्थना करावी.' ड्राइव्हवेचा उल्लेख नाही. ट्रेलरचा नाही. पुढचं तुम्हाला सांगायला नको. कोणी हात जोडले, कोणी विचारलं कुठला लेक, कोणी स्वतःच उत्तर दिलं लेक ह्युरॉन, एकीने लिहिलं की मागच्याच आठवड्यात दुकानात भेटली होती, किती छान हसली. आणि एका उत्साही गृहस्थांनी थेट फुलं टाकली. आमची मुलगी शिकागोला असते. तिचा मेसेज माझ्या त्या वर्कबेंचवरच्या फोनवर येऊन पडला होता. 'मॉम, आर यू अलाइव्ह? पीपल आर पोस्टिंग फ्लॉवर्स.'

अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या. एक लाल मोठी, एक ॲम्ब्युलन्स, आणि मागून एक ट्रक, त्यावर रबरी बोट. बोट कशाला? तर फोनवर पाणबुडी म्हटलं होतं ना. बोटीच्या ट्रकमधून दोघं पाणबुडे उतरले, अर्धे कपडे अंगावर चढवलेले. त्यांनी आमच्या हिरवळीकडे बघितलं, पाणबुडीकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि निमूट पुन्हा ट्रकमध्ये जाऊन बसले. सगळी गल्ली बाहेर आली. समोरच्यांनी तर खुर्च्या मांडल्या.

त्यांचा कॅप्टन पोक्त माणूस होता, पांढऱ्या मिशांचा. त्याने खिडकीतून मला बघितलं, हात हलवला. मी हात हलवला. त्याने झाकण ओढून बघितलं, चौघांना लावून बघितलं. मग त्याने हलवर बोटाने ठोकलं, आणि एकाला काहीतरी सांगितलं. तो माणूस गाडीतून लोखंड कापायची करवत घेऊन आला.

आता माझं डोकं फिरलं.

अडकले ते ठीक. फुलं टाकली तेही ठीक, ते तर मला तेव्हा माहीतही नव्हतं. पण माझं हल कापणार? नखभर फटीसाठी मी जे अख्खं परत पाठवलं होतं, ते? ज्याच्यात दोष असा नव्हताच, आणि दोष नाही म्हणूनच मी आत बसले होते, ते? मी खिडकीवर मुठी आपटल्या. "हात लावायचा नाही! कापायचं नाही! अजिबात नाही!" बाहेर नुसतं घुमघुम ऐकू जात असणार. कॅप्टनने माझा चेहरा पाहिला आणि, शिरीषने नंतर सांगितलं, आपल्या माणसाला म्हणाला, "घाई कर, बाई घाबरल्या आहेत."

घाबरले? मी? करवत सुरू झाली. हलला लागायच्या आधी मी त्वेषाने उठायला गेले, झाकणाला डोक्याने धडक मारून ते उघडायचंच, अशा तयारीने. आणि उठताच आलं नाही. मागून कोणीतरी माझा अंबाडा धरला होता.

आत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी मागे हात नेला. अंबाडा एका लोखंडी दांडीत अडकला होता. दांडी कसली? मी चाचपून बघितलं. हाताला रबराची रिंग लागली. इंग्रजी टी सारखी मूठ लागली.

ते बूच होतं. विजेच्या तारा आत आणायला हलमध्ये एक भोक ठेवलं होतं. तारा अजून ओढल्या नव्हत्या म्हणून टेस्टपुरतं मी तिथे बूच लावलं होतं. हाताने फिरवायचं. कुठलाही पाना लागत नाही. मीच तसं करून घेतलं होतं. त्याच दिवशी सकाळी मीच लावलं होतं, आणि लावताना समाधानाने म्हटलंही होतं, चला, आता एकही भोक उघडं नाही.

एवढा वेळ मी त्याला डोकं टेकून चिक्की खात होते.

मी बूच फिरवलं. शिट्टी वाजली, अशी की आमच्या गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली. माझे कान मोकळे झाले. म्हैस उठली. मी एका बोटाने झाकण उघडलं आणि डोकं बाहेर काढलं. अंबाडा सुटलेला, हनुवटीला लिपस्टिक, हातात चिक्कीचा तुकडा. करवतवाला करवत उगारून जागच्या जागी थबकलेला.

समोरच्या खुर्च्यांवरून टाळ्या सुरू झाल्या. कोणीही असतं तर त्या क्षणी लाजून खाली बसलं असतं. मी खाली बसले नाही. आधीच बराच वेळ बसले होते.

मी कॅप्टनला म्हटलं, "करवत परत ठेवा. सगळं व्यवस्थित आहे. टेस्ट पास झाली."

"मॅम, तुम्ही हे कसं उघडलंत?"

"आत हवा घ्यायची सोय आहे. डिझाइनमध्ये आहे. हाताने फिरवायचं, संपलं."

"अच्छा. तुम्हाला ते कधी लक्षात आलं?"

"ते मीच बनवलंय."

"हो मॅम," तो नम्रपणे म्हणाला, "पण मी ते विचारलं नाही."

मी घरातून लाडू आणून त्याला दिले. मग तो काही विचारेना. सगळ्यांनाच दिले, पाणबुड्यांनासुद्धा. पेंडसे काका मोर हातात धरून उभेच होते. मी म्हटलं, "काका, आता ग्रुपवर टाका, अपर्णा सुखरूप आहे. आणि हेही टाका की तळं नव्हतं, ड्राइव्हवे होता."

काका हळू आवाजात म्हणाले, "बाळा, तळ्याचंच राहू दे. त्यात तुझी जरा शोभा राहते."

पण मी ऐकलं नाही. मी स्वतः मेसेज टाकला, अगदी खरं खरं. तेव्हापासून मंडळात मला बघितलं की लोक आधी चेहरा गंभीर करतात आणि मग कोपऱ्यात जाऊन हसतात. हसोत. मी बुडाले नाही. बुडायला निदान पाणी लागतं.

शिरीष मात्र त्या दिवशी हसला नाही. सगळे गेल्यावर त्याने पाइप गुंडाळला, झाडून घेतलं आणि म्हणाला, "मी खुणा बरोबर पाळल्या ना?"

"बरोबर पाळल्यास."

"मला वाटलं, तू आता परत कधीच..." आणि गुंडाळलेला पाइप उचलून आत गेला. नंतर त्याने स्वतः जाऊन एक लाल मुठीचा मोठा व्हॉल्व्ह आणला आणि मला म्हणाला, "हा आतून लाव. डोळ्यांसमोर. डोक्यामागे नाही." मी लावला. त्याच्या सांगण्यावरून मी केलेला हा एकच बदल. हलमध्ये काहीही बदललं नाही, कारण हलमध्ये बदलण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या उन्हाळ्यात मी खाली गेले. ओळखीतल्या एकाच्या शेतात जुन्या दगडखाणीचं तळं आहे, तिथे. शिरीष वर होडीत, दोरी हातात, ओठ पांढरे. वरचा उजेड आधी पिवळा होता, मग हिरवा झाला, मग गर्द. हल एकदा कुरकुरलं, जुनी खुर्ची कुरकुरते तसं, आणि गप्प बसलं. चारी बाजूंनी पाणी दाबत होतं आणि माझा एक केसही ओला नव्हता. खिडकीसमोर एक मासा आला, माझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवून गेला. खाली चिखल होता. शिरीष बरोबर होता. पण तो मी स्वतः बघितला ना.

मग त्याच आनंदात मी एक काम केलं. घरी पाणबुड्या बनवणाऱ्या लोकांचा इकडे एक क्लब आहे. हो, असतो, हसू नका. मी मेंबर झाले. त्यांनी वर्षाच्या संमेलनात मला बोलायला बोलावलं. मी हलच्या कड्यांवर सुंदर भाषण तयार केलं, शिरीषला बरोबर घेतलं आणि गेले.

हॉलमध्ये सगळे म्हातारे गोरे पुरुष, दाढीवाले, बहुतेकांच्या अंगावर तेलाचे डाग. प्रत्येक वक्त्याची ओळख तो किती खोल गेला त्यावरून करून देत होते. ह्यांनी अमुक फूट, त्यांनी तमुक फूट, आणि लोक माना डोलवत होते. माझी पाळी आली. सूत्रसंचालन करणारे आजोबा उभे राहिले, त्यांनी चष्मा नीट केला.

"आणि आता अपर्णा. आपल्या क्लबची एकमेव सदस्य, जिच्या सुटकेसाठी जमिनीपासून चार फूट वर जावं लागलं."

कुठून कळलं कोण जाणे. सगळा हॉल हसला. मी शांतपणे स्टेजवर गेले आणि माइक माझ्या उंचीला खाली ओढला.

"हा रेकॉर्ड आहे," मी म्हटलं. "ज्याला मोडायचा असेल, त्याने घराच्या छपरावर चढून पाणबुडीत अडकून दाखवावं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्या टाळ्यांतूनही शेवटच्या रांगेतला शिरीषचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, खणखणीत मराठीत.

"अपर्णा, प्लीज. स्वतःला आयडिया देऊ नकोस."